एकतीस बहिरे भाऊ

लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, “मुलगा करतो काय?” मुलाने घसा साफ केला आणि म्हणाला, “या बाबतीत तीन मुद्दे आहेत.” बायको हा किस्सा गेली अठ्ठावीस वर्षं येईल-जाईल त्याला सांगते आणि शेवटी म्हणते, “तिसरा मुद्दा अजून यायचाय. मी वाट बघतेय.”

मुद्देसर हे नाव मात्र बायकोने नाही, विद्यार्थ्यांनी पाडलं. झेरॉक्सच्या दुकानावर एक लांबट खोली, चौदा बाकं, एक फळा आणि फिरताना मान हलवणारा पंखा, एवढा त्यांचा संसार. तिथे ते खात्याच्या परीक्षांचा निबंध शिकवत. विद्यार्थी म्हणजे पोरंटोरं नव्हेत. कचेरीतले शिपाई, पाणीखात्यातले चावीवाले, दवाखान्यातले वॉर्डबॉय. शिपायाचा कारकून व्हायचं तर तीन पेपर. गणित आणि सामान्य ज्ञान घोकून निघतं. तिसरा निबंधाचा, तिथे सगळे आडवे होतात. वीस वर्षं ज्याने सहीपुरतं पेन धरलं त्याला चारशे शब्दांत बाजू मांडायला सांगायचं, म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यावर निबंध लिहायला लावण्यासारखंच.

पण सर लिहायला लावत. उभं राहून स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचायचं. वाचताना सर वहीकडे बघत नसत, छातीकडे बघत. “दम लागला ना? मग तिथे पूर्णविराम हवा होता. घाल.” कुणी ‘निर्णय घेण्यात आला’ असं लिहिलं की हिरवं पेन बाहेर. “कुणी घेतला? भुताने? माणूस दाखव मला वाक्यात.” आणि दर गुरुवारी पटवापटवी. सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसत आणि खडूस तपासनीस होत. “आज माझे ऐंशी पेपर झालेत. पाठ धरलीय. बायकोशी वाजलंय. तुझा एक्याऐंशीवा. पटव.” मग समोरचा घाम पुसत पटवायला लागे आणि सर जांभया देत बसत.

“एक खरी गोष्ट दे मला,” ते सांगत. “आकडे नकोत, सुविचार नकोत. तुझ्या घरात घडलेलं एक काहीतरी. त्याने माझी जांभई अडली पाहिजे.”

संध्याकाळच्या वर्गाला सात जण होते. त्यात दवाखान्यातली एक आया होती. वय एकोणचाळीस. चाळिशी उलटली की परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे ही तिची शेवटची खेप. आधी दोनदा निबंधातच गेलेली, एकदा चार, एकदा दोन मार्कांनी. तिला हवी होती नोंदणी कारकुनाची जागा. त्या जागेचं तिला आकर्षण एकच, तिथे बसायला खुर्ची होती. वॉर्ड पुसून पुसून, बेडपॅन उचलून उचलून गुडघे पार खलास झाले होते.

“गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय सर,” ती म्हणायची. “माझाच तेवढा राहिलाय. नोकरी सोडली तर घरात खायचं काय?”

वर्गात मात्र ती तोंड उघडत नसे. त्या गुरुवारी विषय होता, औषधाच्या बाटलीवर अक्षरांबरोबर चित्रही असावं का. सरांनी नेमकं तिलाच उठवलं.

“मला नाही जमणार सर.”

“मी झोपलोय. उठवा मला.”

ती उभी राहिली. फळ्याकडे बघत बोलायला लागली.

“आमच्या बाबांना वाचता येत नाही. ते गोदामात पोती वाहायचे. पायाला कुरूप झालेलं, ते जाळायचं औषध घरात होतं. आणि भावाचा कान वाहायचा, त्याचे थेंब. बाबा झाकणावरनं ओळखायचे. पांढरं झाकण कानाचं, लाल झाकण कुरपाचं. कुरपाचं संपलं म्हणून दुसरी बाटली आणली, तर त्या खेपेला तिचंही झाकण पांढरं आलं. आई कामावर होती. भाऊ चार वर्षांचा, मी दहाची.” ती थांबली. “त्याचा डावा कान गेला. आत सगळं जळलं.”

सरांचा चष्मा नाकावरून वर गेला होता.

“मला वाचता येत होतं ना,” ती पुढे म्हणाली. “बाबांनी बाटली दाखवून विचारलं होतं, ‘अगं, हीच ना कानाची?’ मी दारात सागरगोटे खेळत होते. मान पण वळवली नाही. म्हटलं, ‘हो, हीच.’”

पंखा तेवढा मान हलवत होता.

तिने ती गोष्ट लिहून आणली तेव्हा सरांनी नेहमीसारखं हिरवं पेन चालवलं. लांब वाक्यं तोडली. शेवटच्या चार ओळींवर, सागरगोटे आणि ‘हो, हीच’ यांवर, एक तिरपी रेघ मारली.

“हे नको. मुद्दा भरकटतो. आपला मुद्दा काय? बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून घात झाला. तुम्हाला वाचता येत होतं असं म्हटलंत की तपासनीस विचारतो, मग चूक वाचता न येण्याची कुठे? बाजू लंगडी पडते.”

“पण झालं तसंच होतं सर.”

“बाई, झालं ते घरी. पेपरात काय टिकतं ते बघायचं.”

ती बरं म्हणाली. विद्यार्थी ‘बरं’ म्हणतात तसं.

आता खरी माती झाली ती पुढे. सकाळच्या वर्गाला चौतीस जण होते, एकापेक्षा एक ठोकळे. सर घसा फोडून सांगत, एक खरी गोष्ट द्या, आणि ते लिहीत, ‘आजच्या धावपळीच्या युगात’. एका सकाळी सरांच्या डोक्याची शीर तडकली. “नमुना दाखवतो. असं असतं बघा उदाहरण.” आणि त्यांनी पांढऱ्या झाकणाची गोष्ट सांगितली. कुणाची, ते सांगितलं नाही. बाईचं नाव कशाला चव्हाट्यावर, असा त्यात विचार होता. रेघ मारलेल्या चार ओळी अर्थातच वगळल्या. सगळे मान खाली घालून भराभर उतरवून घेत होते. सरांना बरं वाटलं. पहिल्यांदाच वर्गात कुणी जांभई दिली नाही.

नमुना म्हणजे नमुना. साडी दाखवली म्हणजे तीच सगळ्यांनी नेसायची असं थोडंच आहे? पण परीक्षेत विषय आला, ‘लिहिता-वाचता येणे ही सोय की गरज?’ आणि सकाळच्या चौतिसांपैकी तिसांनी तीच नेसली.

संध्याकाळच्या सहा जणांनी ती गोष्ट तिच्याच तोंडून ऐकलेली. त्यांच्यातल्या एकानेही वापरली नाही. तिने मात्र स्वतःची म्हणून तीच लिहिली.

परीक्षा विभागाचं पत्र सरांच्याच पत्त्यावर आलं, कारण अर्जांवर वर्गाचं नाव होतं. एकतीस उत्तरपत्रिकांत एकच प्रसंग आढळल्याने त्या सामूहिक नक्कल म्हणून रद्द करण्यात येत आहेत. एक वर्ष बंदी. सर पत्र हातात धरून खुर्चीवर बसले ते बसलेच.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“एकतीस जणांचे भाऊ बहिरे झालेत.”

“अहो, काहीतरी नीट बोला.”

नीट बोलल्यावर तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “आणि त्या बाईला माहीत होतं का, तुम्ही तिची गोष्ट वाटताय ते?”

सरांनी पत्राची घडी घातली.

“विचारलं पण नाहीत?”

“नमुना म्हणून...”

“तुम्ही ना,” ती म्हणाली आणि पुढचं न बोलता आत गेली. इतक्या वर्षांत तिने वाक्य अर्धं सोडलं नव्हतं.

सकाळवाल्यांना फार काही वाटलं नाही. त्यांच्यातला पाणीखात्यातला चावीवाला तर हसत म्हणाला, “एक वर्षाचाच प्रश्न ना सर? पुढच्या खेपेला दुसरा भाऊ द्या. लंगडा-बिंगडा.” सगळे खिदळले. त्यांच्यापुढे वर्षं होती. आयेपुढे एकही नव्हतं. बंदी उठेल तेव्हा ती चाळिशी ओलांडून पाच महिने झालेले असणार.

फेरसुनावणी मागता येत होती. सरांनी अर्ज लिहिला. जन्मात लिहिला नसेल असा. प्रत्येक वाक्यात माणूस होता, आणि तो माणूस ते स्वतः होते. मी सांगितलं, मी वाटलं, मी विचारलं नाही. विभागाने तारीख दिली आणि खाली एक ओळ टाकली, प्रसंग स्वतःचा असल्याचा पुरावा आणावा.

ते पत्र घेऊन सर दवाखान्यात गेले. ती धुलाईच्या खोलीत होती, ओल्या चादरींच्या ढिगाशी. सरांना बघून पदर सावरत उठायला लागली, गुडघ्यामुळे अर्ध्यातच थांबली.

“बसा, बसा,” सर म्हणाले. “पुरावा मागतायत. भावाला घेऊन चला. त्याचा कान हाच पुरावा.”

“नाही सर.”

“का?”

“त्याला माहीत नाही.” ती चादरी मोजल्यासारखी उलटवत राहिली. “त्याला सांगितलंय, कान तापात गेला म्हणून. लहानपणापासून तेच. बाबा त्याच्याकडेच राहतात. तो त्यांना आंघोळ घालतो सर. नखं काढतो. मी वर्गात पहिल्यांदा बोलले ते. तुम्ही म्हणालात, घरात घडलेलं खरं काहीतरी द्या.”

इथे सर गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण ते मुद्देसर. आतापर्यंत कितीजणांना त्यांनी जांभया देत देत पटवायला शिकवलं होतं, आता स्वतःची पाळी आली. आणि सर मनापासून बोलले, त्यात खोट नव्हती. भाऊ आता मोठा झालाय, भिंती रंगवतो, बायकामुलांचा आहे, चार वर्षांचा नाही. खरं आज ना उद्या कळतंच. बहिणीचे गुडघे वाचणार असतील तर कोणता भाऊ नाही म्हणेल? आणि बाबांनी मुद्दाम थोडंच केलं? तो समजून घेईल. कदाचित त्यालाही बरं वाटेल, खरं काय ते कळल्यावर.

ती ऐकत होती. सरांना दिसलं की ती पटत चाललीय. मान एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली. समोरच्याचा विरोध ढिला पडताना कसा दिसतो, हे त्यांना चांगलं ओळखता येत होतं, आणि अशा वेळी थांबायचं नसतं हेही.

“तुम्हाला खात्री आहे ना सर?”

“आहे.”

“बघा हं.”

“मी आहे ना.”

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, पलीकडे तीन माणसं. मधल्या बाई अध्यक्ष. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, आयेला खुर्ची दिली, भावाला उजव्या बाजूने, तो ऐकेल असं बोलल्या. भाऊ सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून आला होता. नखांच्या कडांना पांढरा रंग होता. ताईने त्याला एवढंच सांगितलं होतं, साहेबांना तुझा कान दाखवायचाय, माझ्या नोकरीचं आहे.

सरांनी आपलं निवेदन दिलं. खाजगी बोलताना जो आवाज चादरींच्या खोलीत लागला होता, तो इथे लागला नाही. साहेबांपुढे त्यांचा नेहमीच असा आवाज बसे. त्यांनी स्वतः तीनदा अधिकाऱ्याची परीक्षा दिली होती, लेखीत वर आणि मुलाखतीत बाद.

“म्हणजे तुम्ही कबूल करता,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “की हा प्रसंग तुमच्या वर्गातून वाटला गेला.”

“हो, पण मूळचा यांचा.”

“आणि ह्याही तुमच्याच वर्गातल्या.”

“हो. पण मूळ...”

“सर, खुलासा मागितला तेव्हा बाकीच्या तिसांनीही आपापल्या भावाचं नाव लिहून दिलंय.” त्यांनी समोरचे कागद सारखे केले. “शिवाय बाकी सगळ्यांच्यात भावाचे दोन्ही कान गेलेत. यांच्या एकट्यांच्या पेपरात एकच गेलाय. आमच्या तपासनिसांचं म्हणणं, नक्कल लपवायला तेवढा बदल केलाय. आणि लिहिलंयही, माफ करा, सगळ्यांत कच्चं.”

“कारण तिला ते सजवायचं नव्हतं!” सर म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. निम्मं घशात राहिलं.

बाजूच्या सदस्याने भावाचा कान दिव्याखाली बघितला. डॉक्टरचा कागद बघितला. “कान गेलाय खरा,” तो म्हणाला. “पण कशाने गेला हे यात नाही.”

“कशाने म्हणजे?” भाऊ म्हणाला. “तापाने.”

अध्यक्षबाईंनी कागदांवरून नजर वर केली.

“ताप?” त्या म्हणाल्या.

“हो. चार वर्षांचा होतो. ताई, सांग की.”

अध्यक्षबाई आता आयेकडे बघत होत्या. आवाज पूर्वीपेक्षा मऊ होता. “बाई, एवढंच सांगा. बाकीच्या तिसांच्यात नाही असं काही तुमच्याजवळ आहे का? जे फक्त तुम्हालाच माहीत असेल?”

आया उठून उभी राहिली. उठायची गरज नव्हती. वर्गातली सवय.

“आहे,” ती म्हणाली. “बाबांनी मला विचारलं होतं, हीच ना कानाची म्हणून. मला वाचता येत होतं. मी बाटली बघितली नाही. हो म्हटलं.”

भावाने मान फिरवून उजवा कान तिच्याकडे केला होता. सगळं ऐकलं असणार त्याने.

“हे पेपरात कुठे आहे?” अध्यक्षबाईंनी पानं उलटली.

“नाही त्यात. सरांनी खोडलं.”

त्या सरांकडे बघत राहिल्या. मग कागद मिटले. “माझा विश्वास बसलाय,” त्या म्हणाल्या. “खरंच बसलाय. पण मला उत्तरपत्रिकेत जे आहे त्यावरच निर्णय द्यायचा असतो. पेपराबाहेरचं धरता येत नाही. नियम माझा नाही.”

जिना उतरताना भाऊ पुढे होता. ती एकेक पायरी कठड्याला धरून उतरत होती, सर तिच्या मागे. फाटकापाशी तो थांबला नाही. “अरे, थांब,” ती म्हणाली. त्याचा कुठला कान तिच्याकडे होता, याने काही फरक पडला नाही. तिला अर्ध्याच दिवसाची रजा होती. ती दवाखान्याकडे वळली.

सर तीन आठवडे तिच्याकडे गेले नाहीत. जायचं म्हणत आणि वर्ग घेत. वर्गही कसला, नुसती विरामचिन्हं शिकवत होते. शेवटी बायको म्हणाली, “जाऊन या. तुमचं तोंड बघवत नाही मला.”

ती पुरुषांच्या वॉर्डात पुसत होती. “फरशी ओली आहे सर, कडेने या,” ती म्हणाली. मग बादली भिंतीशी सरकवून पोत्यावर टेकली. बाबा आता तिच्याकडे होते. भावाने एका सकाळी त्यांना रिक्षातून आणून सोडलं, कपड्यांची पिशवी आणि औषधांचा डबा दारात ठेवला. “काही दिवस ताईकडे राहा,” एवढंच बाबांना म्हणाला. तिच्याशी तेवढंही नाही.

“बाबांना सांगितलंत, त्याला कळलंय ते?”

“कसं सांगू? म्हातारा जिवंतपणी मरेल.” तिने फडकं पिळलं. “रोज विचारतात, पोरगा का येत नाही. मला खोटं बोलता येत नाही नीट. अडखळते. सर, तुम्ही येऊन सांगाल का? तुम्हाला पटवून सांगता येतं.”

सरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा शोधला. नव्हता. ती खरंच विचारत होती.

रविवारी सर गेले. एक खोली, एक मोरी, खिडकीशी बाज. म्हातारा पाय खाली सोडून बसला होता, तळव्याला जुन्या कुरपाचा घट्टा. “बसा,” तो म्हणाला. “पोरीचे मास्तर ना तुम्ही?” आया स्टोव्हकडे तोंड करून चहा टाकत होती.

सर बसले आणि बोलायला लागले. तुमच्या मुलाला परगावी मोठं काम मिळालंय. अख्खी शाळा रंगवायची आहे, तीन मजली. मुकादम सुट्टी देत नाही, पण पैसे बरे आहेत. फोनला तिथे रेंज येत नाही. वाक्यं लहान होती, दम लागत नव्हता. अधूनमधून एखादी बारीक गोष्ट घालत होते, शाळेच्या खिडक्या हिरव्या करायच्यात, मुलांची सुट्टी संपायच्या आत उरकायचंय. म्हातारा ऐकत होता, मान डोलावत होता. हिरव्या खिडक्यांवर तर हसलाही. “त्याला हिरवा जमत नाही,” म्हणाला. “डाग पडतात.” सगळं पटलं त्याला.

आयेने चहाचा कप सरांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने आपला कप खाली ठेवला, बोटं पुसली आणि सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “बरं झालं, काम मिळालं ते. पण मग मास्तर, ते शाळेचं उरकलं की येईल ना तो मला न्यायला? ही बिचारी दिवसभर बाहेर असते. माझी नखं कोण काढणार?”